खनिज विकलं, भांडवल कुठे गेलं?

कोकणचं अर्थकारण : लेखांक ९

गेल्या लेखांकात आपण आंबा-काजूचा पैसा सिंधुदुर्ग जिल्ह्यात किती राहतो ते पाहिलं. ही पिकं एखाद्या वर्षी दगा देतात, पण पुढच्या हंगामात पुन्हा येतात. आज पाहायचा आहे तो एकदाच निघणारा माल. त्यासाठी जायचं वेंगुर्ले तालुक्याच्या दक्षिण टोकाला, रेडीला.

पर्यटक रेडीला येतात ते यशवंतगड पाहायला आणि १९७६ साली खाणीच्या परिसरात सापडलेल्या द्विभुज गणपतीच्या दर्शनाला. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने मात्र इथल्या लोहखनिजाच्या खाणी आणि बंदर पाहावं. खाणीतून डंपर बंदरावर आणि बंदरातून माल बाहेर, असा हा व्यवहार कित्येक दशकं चालत आला. मध्यंतरी इथेच कच्चं लोखंड करण्याचा प्रयत्नही झाला. उषा इस्पातचा कारखाना उभा राहिला, पुढे तो टाटा मेटॅलिक्सकडे गेला आणि अखेर बंद पडला. प्रक्रिया थांबली की गावाच्या वाट्याला उरतं ते खोदकाम, वाहतूक आणि लाल धूळ.

या व्यवहाराकडे कसं पाहायचं? बागायतदार नारळ विकतो ते उत्पन्न. माडच तोडून विकला, तर हातात आलेला पैसा उत्पन्न नव्हे, ते मोडलेलं भांडवल. जिल्ह्याचं सकल उत्पन्न मोजताना मात्र खनिजाची विक्री सरळ जमेच्या बाजूला धरली जाते आणि जमिनीतून कमी झालेला साठा कुठेच वजा होत नाही. खाण जोरात चालली की आकडे वाढतात, संपत्ती मात्र घटत असते. जॉन हार्टविक या कॅनेडियन अर्थतज्ज्ञाने १९७७ साली यावर साधा नियम मांडला : संपणाऱ्या साधनाचा नफा खर्चून टाकू नका, तो टिकणाऱ्या भांडवलात गुंतवा, तरच पुढच्या पिढीचं जीवनमान खाली येणार नाही.

हा नियम कायद्यात आणू पाहणारा एक छोटा देश आग्नेय आशियात आहे, तिमोर-लेस्ते. कोकणाला तो वाटतो तितका परका नाही. पोर्तुगीज अमदानीत तिमोरचा कारभार बराच काळ गोव्यातून पाहिला जात असे. आणि रेडीला लागून, तेरेखोल खाडीच्या याच तीरावर उभा असलेला किल्लाही पोर्तुगीजांकडेच होता. २००२ साली स्वतंत्र झालेल्या या देशाकडे समुद्रातलं तेल आणि वायू सोडला तर फारसं काही नव्हतं. २००५ साली त्याने पेट्रोलियम निधी स्थापन केला. तेलाचा सारा महसूल आधी या निधीत जातो आणि संसदेच्या मंजुरीनेच तिजोरीत येतो. निधीतली शिल्लक आणि जमिनीखालच्या उरलेल्या तेलाचं मूल्य यांची बेरीज करायची आणि तिच्या ३ टक्के रक्कम वर्षाला काढायची, ही मर्यादा. त्याहून जास्त हवं असेल तर सरकारने संसदेला कारणं द्यायची.

प्रत्यक्षात सरकारांनी ही मर्यादा वर्षानुवर्षं ओलांडली. बायू-उंदान हे मुख्य वायुक्षेत्र आटलं, तरी पाच वर्षांखालच्या जवळपास निम्म्या मुलांची वाढ अजूनही खुंटलेली आहे. म्हणजे नुसती बचत पुरत नाही. काढलेला पैसा पाणी, पोषण, शिक्षणावर लागला का, हे महत्त्वाचं. पण निधीच्या शिलकेचे अहवाल नियमित प्रसिद्ध होतात. त्यामुळे ‘लाओ हामुतुक’सारखी राजधानी दिलीमधली अभ्याससंस्था हिशेब मांडून सरकारला जाब विचारू शकते. उधळपट्टी होते, पण ती झाकली जात नाही.

आपल्याकडे अशा निधीची सुरुवात शेजारच्या गोव्यात झाली. २०१२ साली तिथलं खाणकाम थांबलं. गोवा फाउंडेशनच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २१ एप्रिल २०१४ रोजी निकाल देताना उत्खननावर वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घातली आणि विक्रीच्या १० टक्के रक्कम पुढच्या पिढ्यांसाठी कायम निधीत ठेवायला सांगितलं.

अलीकडे महाराष्ट्रात हा आदेश लागू नाही. इथे आहे ते जिल्हा खनिज प्रतिष्ठान, २०१५ च्या कायदादुरुस्तीतून आलेलं. त्याचं गणित असं : लोहखनिजावर रॉयल्टी सरासरी विक्री किमतीच्या १५ टक्के. म्हणजे १,००० रुपयांच्या मालावर १५० रुपये राज्याला. जुन्या भाडेपट्ट्यांवर या रॉयल्टीच्या ३० टक्के, म्हणजे ४५ रुपये, प्रतिष्ठानात जमा होतात. लिलावाने दिलेल्या पट्ट्यांवर १० टक्के, म्हणजे १५ रुपये. हा पैसा खाणबाधित गावांसाठीच आहे. पिण्याचं पाणी, आरोग्य, शिक्षण, पर्यावरण यांना त्यात अग्रक्रम आहे.

नियम वाईट नाहीत. उणीव दोन ठिकाणी आहे. पहिली म्हणजे हा पैसा आला तसा खर्चण्याकडे कल असतो. त्यातून एखादा रस्ता होतो, सभामंडप होतो. पण खाण बंद पडल्यावर गावाने जगायचं कशावर, याचं उत्तर त्यात नसतं. दुसरी उणीव हिशेबाची. किती टन माल गेला, त्यावर किती रक्कम जमली आणि ती कोणत्या वाडीत लागली, या तिन्ही गोष्टी गावकऱ्यांपुढे एकत्र मांडल्या जात नाहीत.

गावाने जगायचं कशावर, या प्रश्नाचं महत्त्व जनगणना सांगते. २००१ साली सिंधुदुर्गची लोकसंख्या ८,६८,८२५ होती. २०११ मध्ये ती ८,४९,६५१ झाली. राज्य वाढत असताना हा जिल्हा आकसला. खनिज बाहेर जात होतं तेव्हा माणसंही मुंबई-गोव्याकडे जातच होती.

खाणी असाव्यात की नसाव्यात हा वाद स्वतंत्र आहे आणि तो व्हायलाच हवा. पण जे खणलं गेलं त्याचा हिशेब मागायला त्या वादाचा निकाल लागण्याची गरज नाही. येत्या ग्रामसभेत रेडीकरांनी आणि आसपासच्या गावांनी एक ठराव घ्यावा : काढलेला माल, जमलेली रक्कम आणि झालेला खर्च यांचा वार्षिक तक्ता ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा, आणि जमलेल्या रकमेचा काही भाग खाणीनंतरच्या दिवसांसाठी राखून ठेवावा. तिमोरसारख्या गरीब देशाला आपला हिशेब उघडा ठेवता येतो, तर आपल्या जिल्ह्याला न जमण्याचं कारण नाही.

(पुढील लेखांकात : मासेमारी बंदरं आणि बर्फाचं अर्थकारण)