लांब नाव, छोटी खूण

तिकिटाच्या खिडकीवर आपण गावाचे पुरे नाव सांगतो. रेल्वेच्या दप्तरी मात्र उल्हासनगर म्हणजे यू-एल-एन-आर, अंबरनाथ ए-बी-एच आणि बदलापूर बी-यू-डी. नुसती पहिली तीन इंग्रजी अक्षरे घेतली असती तर? बदलापूर नि बडनेरा, दोन्ही बी-ए-डी! मग बदलापूरचे पार्सल वऱ्हाडात जाऊन पडायचे. तसे होत नाही, कारण बडनेऱ्याची खूण बी-डी आहे. मोठ्या संगणकातही हीच रीत. नवी खूण देण्याआधी तो यादी पाहतो. ती कुणाला दिलेली असली, तर दुसरी काढतो. गुरुजी, वर्गात दोन गणपत असले की तुम्ही हजेरीचा नंबर पुकारता ना? तेच हे! खूण छोटी असावी, पण दोघांची एक नसावी.