विश्लेषण : जुनी कार घेताय? आधी ‘गाडीचा सातबारा’ बघा

आरसी कार्ड हातात आले म्हणजे गाडी मोकळी आहे, असे नाही. बँक, पोलीस, न्यायालय आणि दुसऱ्या राज्याचे आरटीओ यांपैकी कोणाचाही हात गाडीवर असू शकतो. वसई-विरारमध्ये जुनी कार घेताना काय तपासायचे आणि कुठे?

गेल्या महिन्यात मामेभावासोबत नालासोपाऱ्यात एक गाडी बघायला गेलो होतो. २०१७ची वॅगनआर, सीएनजी, एकच मालक, टायर जवळपास नवे. भाव दोन लाख ऐंशी हजार. “दादा, पेपर एकदम क्लिअर. आज टोकन द्या, उद्या गाडी तुमची,” असे म्हणत एजंटने आरसीचे स्मार्ट कार्ड पुढे केले. कार्डावर कर्जाचा उल्लेख नव्हता. मी तिथेच उभ्या उभ्या गाडीचा नंबर फोनवर टाकला, तर ऑनलाइन नोंदीत एका वित्त कंपनीचे नाव! मालकाने गाडी रोखीने घेतली होती हे खरे, पण नंतर तीच गाडी तारण ठेवून कर्ज उचलले होते. दाखवलेले कार्ड त्याआधीचे होते. “अहो, ते नुसतं नावाला राहिलंय, दोन-तीन हप्ते असतील,” एजंट म्हणाला. भावाच्या खिशात टोकनचे दहा हजार होते. ते खिशातच राहिले.

‘बोजा’ म्हणजे नेमके काय?

जमीन घेताना आपण सातबाऱ्यावरचा ‘इतर हक्क’ हा रकाना बघतो. सोसायटीचा बोजा आहे का, कोर्टाची मनाई आहे का, हे तलाठ्याकडून काढलेल्या ताज्या उताऱ्यावर बघतो. विकणाऱ्याच्या घरातल्या जुन्या झेरॉक्सवर विसंबत नाही. गाडीचेही तसेच आहे. आरसी कार्ड म्हणजे छापले त्या दिवसाचा उतारा. त्यानंतर काय घडले, ते केंद्र सरकारच्या ‘वाहन’ या नोंदप्रणालीत असते. खोट्या कागदांची किंमत वसई-विरारकरांना वेगळी सांगायला नको. नालासोपाऱ्यात अग्रवाल नगरीतल्या ४१ बेकायदा इमारती पाडल्या गेल्या, तेव्हा घरे गमावलेल्या अनेकांकडे खरेदीचे कागद होतेच.

फरक इतकाच की गाडीचे इतर हक्क एका उताऱ्यावर येत नाहीत. कर्ज ‘वाहन’मध्ये दिसते, चोरीची नोंद पोलिसांकडे असते आणि न्यायालयाची अट कधी कधी फक्त न्यायालयाच्या फाइलमध्येच असते.

कर्ज फिटले, तरी नाव कसे राहते?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५१ नुसार कर्जाच्या गाडीवर वित्तपुरवठादाराच्या नावाची नोंद होते. बोलीभाषेत याला ‘एचपी’ म्हणतात. ही नोंद असेपर्यंत त्या बँकेच्या किंवा कंपनीच्या लेखी संमतीशिवाय गाडी दुसऱ्याच्या नावावर होत नाही. म्हणजे तुम्ही पूर्ण पैसे मोजलेत, चावी घेतलीत, गाडी सोसायटीत लावलीत, तरी आरटीओच्या दप्तरी मालक जुनाच. त्याने हप्ते थकवले तर वसुलीची माणसे तुमच्या पार्किंगमध्ये येणार.

इथे एक गैरसमज जवळपास सगळ्यांचाच असतो. शेवटचा हप्ता भरला की एचपी आपोआप निघते, असे वाटते. बहुतेक वेळा तसे होत नाही. बँकेने ‘ना हरकत’ द्यावी लागते, नमुना ३५ वर सही करावी लागते आणि तो अर्ज आरटीओत जाऊन नोंद रद्द व्हावी लागते. बँकेच्या पत्रावर मुदत छापलेली असते. पाच वर्षांपूर्वीचे पत्र कपाटात सापडले म्हणून काम होत नाही, नवे आणावे लागते. मधल्या काळात वित्त कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली असेल, तर कोणाच्या दारात जायचे हे शोधण्यातच महिना जातो. त्यामुळे ‘कर्ज फिटलंय, फक्त एचपी काढायची बाकी आहे’ असे विक्रेता म्हणाला, तर तो खोटे बोलतो असे नाही. पण ते काम त्याचे आहे, तुमचे नाही. एचपी त्याने काढावी, ऑनलाइन नोंद कोरी दिसावी, मग व्यवहार.

कर्ज खरोखर चालू असेल तर एक सरळ मार्ग आहे. मालकाला घेऊन वित्त कंपनीच्या शाखेत जा, थकबाकीचे पत्र घ्या आणि तेवढी रक्कम मालकाच्या हातात न देता थेट कर्जखात्यात भरा. उरलेली रक्कम नाव बदलल्यावर. प्रामाणिक विक्रेता याला सहसा नाही म्हणत नाही.

फोनवर काय काय दिसते?

‘परिवहन’च्या संकेतस्थळावर मोबाइल नंबर नोंदवून गाडीचा तपशील बघता येतो, एमपरिवहन ॲपवरही बघता येतो. मालकाचे नाव पूर्ण दिसत नाही, अर्धी अक्षरे झाकलेली असतात. पण इंधन, नोंदणीची तारीख आणि मुदत, विमा, पीयूसी, वित्तपुरवठादार आणि आरसीची स्थिती दिसते. आरसी ‘ॲक्टिव्ह’ आहे का, ते बघा. काळ्या यादीचा शेरा किंवा दुसऱ्या आरटीओसाठी एनओसी निघाल्याची नोंद असेल, तर कारण कळेपर्यंत थांबा. काळ्या यादीत गाडी थकलेल्या करापासून पोलिसांच्या पत्रापर्यंत कशामुळेही जाऊ शकते.

इंधनाच्या रकान्याकडे आपल्याकडे विशेष लक्ष हवे. बाहेरून बसवलेले सीएनजी किट आरसीवर चढवलेले नसेल, तर तो गाडीतला विनापरवाना बदल ठरतो आणि अपघातानंतर विमा कंपनीला हरकत घ्यायला जागा मिळते. पूर्वी टॅक्सी म्हणून चाललेली गाडीही अशीच तपासावी. पिवळी पाटी काढून पांढरी लावली म्हणजे ती खासगी होत नाही. परवाना परत करून नोंदणीचा वर्ग बदललेला असला पाहिजे.

आता बॉनेट उघडा. चॅसिस क्रमांक १७ अक्षर-अंकांचा असतो. गाडीच्या मॉडेलनुसार तो इंजिनाच्या मागच्या पत्र्यावर किंवा पुढच्या सीटखाली कोरलेला असतो. आरसीवरच्या क्रमांकाशी एकेक अक्षर जुळवा. इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेल्या मोजक्या उपयोगी गोष्टींपैकी एक सांगतो. या क्रमांकात इंग्रजी ‘आय’, ‘ओ’ आणि ‘क्यू’ ही अक्षरे कधीच वापरत नाहीत, कारण १ आणि ० शी गोंधळ होतो. कोरलेल्या क्रमांकात ‘ओ’ दिसला, किंवा आजूबाजूचा पत्रा घासून रंगवलेला वाटला, तर किमतीची बोलणी तिथेच थांबवा.

चोरीची नसली, तरी अडकलेली असू शकते?

हो, आणि हीच बाजू सर्वांत कमी तपासली जाते. २०२५ मध्ये मिरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयाच्या काशिमिरा गुन्हे शाखेने एक मोठे प्रकरण उघड केले. जेएनपीटी बंदर, विमानतळ अशा ठिकाणी गाड्या भाड्याने लावतो, महिन्याला घसघशीत भाडे मिळेल, असे सांगून तेराशेहून अधिक जणांना फसवल्याचा आरोप होता. लोकांनी कर्ज काढून गाड्या घेतल्या आणि सोपवल्या. त्या परस्पर दुसऱ्यांकडे विकल्या किंवा गहाण टाकल्या गेल्या, असे पोलिसांचे म्हणणे होते. पोलिसांनी अडीचशेच्या घरात गाड्या हस्तगत केल्या.

या प्रकरणाकडे गाडी घेणाऱ्याच्या नजरेतून बघा. गाडी चोरीची नाही. आरसी खरी, नंबर खरा, चॅसिस जुळतो. मूळ मालकाने स्वतःच्या हाताने चावी दिलेली. तक्रार नोंदवली जाईपर्यंत कोणत्याही यादीत काही दिसणार नाही. पण ज्याच्याकडून तुम्ही ती घेतली, तो मालक नव्हताच. वस्तू विक्री कायद्याचे (१९३०) साधे तत्त्व असे, की विकणाऱ्याकडे जेवढा हक्क, तेवढाच घेणाऱ्याला मिळतो. पोलीस गाडी मुद्देमाल म्हणून नेतात तेव्हा तुम्ही निर्दोष असाल, पण गाडीही जाते आणि पैसेही. ते परत मिळवण्यासाठी तुम्ही त्या प्रकरणातले आणखी एक तक्रारदार होता.

यावरचा उपाय जुन्याच वळणाचा आहे. आरसीवर नाव असलेल्या माणसाला प्रत्यक्ष भेटा, त्याच्या घरी. आधार, पॅन बघा. ‘मालक गावाला गेलेत, मी त्यांचा माणूस’ हे उत्तर चालणार नाही. नाव बदलण्याच्या ऑनलाइन प्रक्रियेत मालकाच्या नोंदणीकृत मोबाइलवर ओटीपी जातो. तो नंबर खरोखर त्याच्याच हातात आहे का, हे भेटीतच कळते.

चोरीची शंका मात्र घरबसल्या तपासता येते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या डिजिटल पोलीस पोर्टलवर ‘जनरेट व्हेईकल एनओसी’ ही मोफत सेवा आहे. नोंदणी, इंजिन आणि चॅसिस क्रमांक टाकला की देशभरातल्या पोलिसांच्या नोंदीत ती गाडी चोरीची म्हणून आहे का, ते कळते. त्या पानाची प्रत जपून ठेवा.

आणखी एक प्रकार म्हणजे न्यायालयातून सुटलेली गाडी. गुन्ह्यात जप्त झालेली गाडी मालकाला बंधपत्रावर परत मिळते आणि त्यात अनेकदा अट असते, की खटला संपेपर्यंत ती विकायची नाही, न्यायालय मागेल तेव्हा हजर करायची. ही अट ‘वाहन’वर दिसेलच असे नाही. विक्रीच्या करारात ‘ही गाडी कोणत्याही गुन्ह्यात मुद्देमाल नाही आणि बंधपत्रावर सोडलेली नाही’ असे वाक्य मालकाच्या सहीने घाला. ते लिहायला तो कचरला, तर उत्तर मिळालेच.

महामार्गावरून येणाऱ्या स्वस्त गाड्यांचे काय?

वसई-विरार मुंबई-अहमदाबाद महामार्गावर आहे. वापी, दमण, सिल्वासा दोन-तीन तासांच्या अंतरावर. त्यामुळे जीजे, डीडी, डीएन पाट्यांच्या गाड्या इथे सर्रास विकायला येतात, आणि एमएच-४८ पेक्षा स्वस्त असतात. स्वस्त असण्याचे एक कारण कर. दुसऱ्या राज्यात नोंदलेली गाडी इथे १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची, तर कलम ४७ नुसार इथला नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो आणि गाडीच्या वयानुसार महाराष्ट्राचा कर भरावा लागतो. त्यासाठी मूळ आरटीओची नमुना २८ मधली एनओसी लागते, आणि गाडीवर कर्ज असेल तर वित्तपुरवठादाराची संमतीही. एनओसी न काढताच गाडी विकणारे पुष्कळ. वाचलेले चाळीस हजार मग कर, एजंट आणि वापीच्या फेऱ्यांत जातात. व्यवहाराआधी विरार पूर्वेला चंदनसारच्या आरटीओ कार्यालयात त्या मॉडेलचा कर किती बसेल ते विचारून घ्या आणि भावातून वजा करा.

दिल्लीच्या गाड्यांबाबत तर दुप्पट सावध राहा. दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर तिथे आधी हरित लवादाने आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्बंध आणले, तेव्हापासून त्या देशभर पसरल्या. गाडी उत्तम असेल, पण खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. १३ वर्षांची गाडी घेतलीत तर दोन वर्षांत फेरनोंदणीचा खर्च आलाच.

चलन, नंबर प्लेट आणि दिवंगत मालक

थकलेली ई-चलने वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर दिसतात. ती विक्रेत्याकडूनच भरून घ्या. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाडीला उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसलेली हवी, नाहीतर राज्यात आरटीओ नाव बदलण्याचे आणि बोजा उतरवण्याचे काम अडवते.

आरसीवरचा मालक वारला असेल आणि मुलगा गाडी विकत असेल, तर आधी वारसाच्या नावावर नोंद (नमुना ३१), मगच तुमच्या. इतर वारसांची संमती नसेल तर भावंडांच्या भांडणात गाडी अडकते.

पैसे कधी द्यायचे?

डीलरकडून घेत असाल तर त्याचे आरटीओचे अधिकृतता प्रमाणपत्र मागा. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरना ते आवश्यक आहे, आणि मालकाने गाडी डीलरकडे सोपवल्याची नोंद आरटीओकडे द्यावी लागते. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी अजूनही सह्या केलेले कोरे नमुना २९ आणि ३० चावीसोबत फिरतात. पहिला मालक एक, मधले दोन-तीन हात कागदावर नाहीतच.

यात विक्रेत्याचाही घात आहे. २००७ मध्ये विकलेली एक गाडी हातोहात फिरली, २००९ मध्ये तिने अपघात केला आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाईची जबाबदारी आरटीओच्या नोंदीतल्या मूळ मालकावर टाकली. म्हणून राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यायचा.

टोकन कमीत कमी द्या, तेही बँकेतून आणि मालकाच्याच खात्यात. मोठी रक्कम एचपी उतरल्यावर आणि नाव बदलाचा अर्ज दाखल झाल्यावर. थोडी रक्कम नव्या आरसीवर तुमचे नाव येईपर्यंत मागे ठेवा आणि ते करारात लिहा.

भावाने त्या वॅगनआरच्या मालकाला वित्त कंपनीत सोबत यायला सांगितले होते. ‘दोन-तीन हप्ते’ एजंटचे होते. मालकाने फोनवर एक लाख दहा हजारांचा आकडा सांगितला आणि शाखेत यायचे दोनदा टाळले. भावाने गेल्या शनिवारी वसईत एका शिक्षकांची २०१६ची गाडी ठरवली. अकरा हजार महाग पडली. एचपीचा रकाना कोरा आहे, नमुना २९ आणि ३० दोघांनी एकत्र बसून भरले, आणि पंचवीस हजार नवीन आरसीसाठी थांबले आहेत.