मोटारीच्या पोटातली भट्टी

माझी सारी हयात उष्णतेच्या शेजारात गेली. साखर कारखान्याच्या बॉयलर-हाऊसमध्ये ३१ वर्षे काढलेल्या माणसाला कुणी उष्णतेविषयी चार गोष्टी सांगू लागले, तर त्या ऐकून घेणे त्याला जडच जाते. पण गेल्या उन्हाळ्यात अमेरिकेत, खुद्द चिरंजिवांच्या दारात, एका दोन आसनी मोटारीने मला हा विषय पहिल्या धड्यापासून पुन्हा शिकवला. त्या शिकवणीची फी भलतीच जबर पडायची होती. थोडक्यात निभावले, म्हणून हे लिहायला बसलो आहे.

आमचे चिरंजीव कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटो येथे असतात. उन्हाळ्यात तेथे पारा ४० अंशांपर्यंत चढतो. त्यांनी हौसेने एक जुनी जपानी मोटार घेतली. लांब नाकाची, पुढे इंजिन असलेली आणि त्या इंजिनाला टर्बोचार्जर जोडलेली. कॉलेजात असताना हिचेच चित्र त्यांनी भिंतीवर चिकटवले होते, ते मला आठवत होते. सूनबाईंना मात्र ती डोळ्यांसमोर नको झाली होती. "बाबा, ही मोटार नाही, शेगडी आहे! पाय भाजतात आत," अशी त्यांची तक्रार. ती खोटी नव्हती. या उन्हाळ्यात गाडी सुधारली नाही तर विकायची, असा दोघांत करार झाला होता. अशा वेळी बॉयलरवाले सासरे घरात आयते हजर!

भट्टी कशी पेटते?

पेट्रोल जाळून जी उष्णता मिळते, तिच्यातला ढोबळ मानाने एक तृतीयांश भागच चाके फिरवण्याच्या कामी येतो. बाकीची रेडिएटरमधून आणि धुराबरोबर निघून जाते. या वाया जाणाऱ्या धुराकडून काम करून घ्यावे, ही कल्पना आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरची. १९०५ साली त्याने तिचे पेटंट घेतले. धुराच्या झोताने एक लहानसे चक्र फिरते आणि त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबते. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त, म्हणून जोरही जास्त. हे चक्र मिनिटाला लाखावर फेरे घेते. चढावर जोर लावला की धूर ९०० अंशांच्या घरात जातो आणि टर्बोचे लोखंड अक्षरशः लाल होते.

आता हा निखारा कुठे ठेवला आहे? रबरी नळ्या, विजेच्या तारा आणि प्लॅस्टिकचे डबे यांच्यापासून वीतभर अंतरावर, एका झाकणबंद पेटीत! त्यामुळे रबर कडक होऊन तडकते. इंजिनात जाणारी हवाही तापते. ३० अंशांची हवा ६० अंशांची झाली की ती सुमारे ९ टक्क्यांनी विरळ होते, म्हणजे टर्बोच्या कमाईतला वाटा वाटेतच गळतो. गंमत अशी की, समोरचा काटा या वेळी शांतपणे मध्यावर असतो. तो पाण्याची उष्णता सांगतो, पेटीतली नव्हे. आणि गाडी थांबवून किल्ली फिरवली की वारा बंद, पाणी बंद, पण तापलेले लोखंड तसेच. त्या पहिल्या काही मिनिटांत पेटी चालत्या गाडीपेक्षाही अधिक तापते.

या दुखण्यावर मोठमोठ्यांनी डोके चालवले आहे. १९६२ साली अमेरिकेत निघालेल्या ओल्ड्समोबिल जेटफायर या टर्बो मोटारीत पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण इंजिनात फवारण्यासाठी निराळी टाकीच होती. १९९२ च्या मॅकलॅरेन एफ-वनला टर्बो नव्हता, पण तिच्या इंजिनाच्या कप्प्याला आतून सोन्याचा वर्ख दिला होता, कारण उष्णतेचे किरण परतवण्यात सोन्याचा हात धरणारे फार थोडे. हे मी जेवताना सांगितले तेव्हा आमच्या सौ. म्हणाल्या, "चला, मोटारीला तरी कुणी सोने घातले!"

माझा पहिला इलाज

मी म्हटले, यात काय अवघड आहे? तापलेला नळ दिसला की त्याला लॅगिंग करायचे, हे तर आमचे रोजचे काम. काचतंतूंची पट्टी आणवली, ती भिजवून टर्बोखालून निघणाऱ्या धुराच्या नळावर पदरावर पदर घेत घट्ट गुंडाळली आणि पोलादी बंदांनी आवळली. शिवाय बॉनेटच्या मागच्या बिजागरीखाली वॉशर घालून, काचेच्या बाजूला दोन बोटे फट ठेवली. गरम हवा तिथून निघून जाईल, असा माझा हिशेब.

चार दिवस गावात गाडी फिरली. पाय भाजेनात. सूनबाईही म्हणाल्या, "बाबांनी कमाल केली." माझी छाती फुगली, आणि रविवारी ताहो सरोवराला जायचे ठरले. चिरंजीव आणि मी या गाडीत, बाकी मंडळी मागच्या मोठ्या गाडीत.

सॅक्रामेंटो जवळजवळ समुद्रसपाटीला आणि वाटेतली डॉनर खिंड सुमारे २२०० मीटर उंच. आपला बोरघाट चढून लोणावळ्याला आलो तरी उंची सव्वासहाशे मीटरच्या आसपास! तेवढ्या चढावरसुद्धा पूर्वी मोटारी बॉनेट उघडून कडेला उभ्या असत आणि ड्रायव्हर पाण्याचे डबे घेऊन धावत. त्यातून खिंडीत हवा पाचव्या हिश्श्याने विरळ. गार करणारा वारा कमी आणि टर्बोला मेहनत अधिक.

खिंड जवळ आली आणि फोन वाजला. मागच्या गाडीतून आमची नात ओरडत होती, "आजोबा, तुमच्या गाडीखालून धूर येतोय!"

चिरंजिवांनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केले आणि आम्ही बाहेर आलो. सवयीने माझा हात बॉनेटकडे गेला. त्यांनी तो धरून मला मागे ओढले. "बाबा, थांबा! उघडायचे नाही!" खरेच होते. झाकण उघडले की आगीला हवा मिळते. त्यांनी चाकाच्या कमानीतून अग्निशामक नळकांडे आत रिकामे केले. मी गुंडाळलेल्या पट्टीवर एक पिवळी ज्योत नाचत होती, ती विझली. नात धावत आली आणि माझा हात धरून उभी राहिली. तिचा हात थरथरत होता, माझाही.

कारण दुसऱ्या दिवशी सापडले. इंजिनाच्या वरच्या झाकणाची गॅस्केट जुनी झाली होती. तिच्यातून थेंब थेंब तेल झिरपून पट्टीत मुरत होते. तंतू, तेल आणि आच! वाचकहो, पणती आणखी कशाची करतात? वाफेच्या टर्बाइनजवळ लॅगिंगवर तेल सांडू देऊ नका, असे मीच कारखान्यातल्या पोरांना वर्षानुवर्षे बजावत आलो होतो. मुलाच्या मोटारीत मात्र मी स्वतःच्या हाताने वात वळून दिली होती.

लोकरीचे धागे

सूनबाई एवढेच म्हणाल्या, "आता विकूया." त्यांचे चुकत नव्हते. मी म्हटले, "सूनबाई, चूक गाडीची नाही, माझी आहे. मला तीन रविवार द्या."

पहिल्या रविवारी पट्टी काढून टाकली, गॅस्केट बदलली, कडक झालेल्या नळ्या बदलल्या. गळती असताना बाकीचे सारे उपाय फुकट. मग टर्बोभोवती चकचकीत पोलादी पत्र्याचा आडोसा बसवला, लोखंडापासून बोटभर अंतर ठेवून. किरणांनी फेकली जाणारी उष्णता तापमानाच्या मानाने भयंकर वेगाने वाढते. ९०० अंशांची वस्तू ४५० अंशांवर आली तर तिची फेक निम्मी होत नाही, जवळजवळ सातवा हिस्सा होते! म्हणून मधला एक साधा पत्राही मोठे काम करतो.

दुसरा रविवार वाऱ्याचा. सौ. नातीसाठी स्वेटर विणत होत्या. त्यांच्याकडून लाल लोकर मागून घेतली, चार-चार इंचांचे धागे कापले आणि बॉनेटभर ओळीने चिकटवले. मोकळ्या रस्त्यावर चिरंजीव गाडी चालवत होते, शेजारच्या पट्ट्यातून सूनबाई दुसरी गाडी नेत होत्या आणि नात फोनवर चित्रण करत होती. घरी येऊन पाहिले तो पुढचे धागे सरळ मागे ताणलेले, पण काचेजवळचे गोंधळलेले, आणि माझ्या त्या फटीवरचे चक्क आत वळलेले! वारा काचेच्या बुडाशी अडतो, तिथे दाब वाढतो. म्हणजे गाडी धावू लागली की माझी फट गरम हवा बाहेर काढण्याऐवजी बाहेरची हवा आत ढकलत होती आणि पेटीतल्या हवेची वाट अडवत होती. उभ्या गाडीत ती उपयोगी, धावत्या गाडीत उलटी.

वॉशर काढले. रेडिएटरच्या किंचित मागे, जिथे धागे ताठ आणि दाब कमी, तिथे बॉनेटला तिरप्या झडपा पाडून घेतल्या. रेडिएटरच्या कडेच्या फटी बुजवल्या, म्हणजे वारा बगल देऊन पळणार नाही. पूर्वीच्या कुणी दुरुस्तीत काढून टाकलेला पोटाखालचा पडदा पुन्हा बसवला. इंजिनाच्या श्वासाची नळी पेटीतून हलवून पुढच्या जाळीशी नेली. आणि एक नियम घातला. मुक्कामाआधीची काही मिनिटे गाडी सावकाश हाकायची आणि थांबल्यावर इंजिन मिनिटभर चालू ठेवायचे, म्हणजे टर्बोच्या दांड्यावरचे तेल जळून त्याचा कोळसा होत नाही. श्वासाच्या नळीपाशी तापमापक बांधून पाहिला. पूर्वी तेथे बाहेरच्या हवेपेक्षा ३० अंशांनी अधिक भरत असे. आता १२ अंशांच्या पुढे जाईना.

तिसऱ्या रविवारी पुन्हा तीच खिंड. माझी जागा सूनबाईंनी घेतली. "मीच बसते," एवढेच त्या म्हणाल्या. मी मागच्या गाडीत, नातीशेजारी; आमच्या दोघांचे डोळे पुढच्या गाडीच्या पोटाखाली खिळलेले. माथ्यावर गाडी थांबली. इंजिन मिनिटभर चालू राहिले, मग बंद झाले. सूनबाई उतरल्या, वाकून पायांखालच्या पत्र्याला तळहात लावला आणि माझ्याकडे बघून हसल्या. गाडी विकली गेली नाही. मात्र अग्निशामक नळकांडी आता एकाऐवजी दोन असतात. ती त्यांची अट.

आता पुण्यात परतलो आहे. सौ. पणत्यांत तेल घालत आहेत, आणि स्वेटरची एक बाही दोन बोटे आखूड झाल्याचा ठपका अजून माझ्यावरच आहे. उष्णता कोंडून जिंकता येत नाही. तिच्यापुढे आडोसा धरावा आणि तिला बाहेरची वाट द्यावी, एवढे मी ३१ वर्षांनंतर शिकलो. आणि तेल, वात आणि आच यांची गाठ दिवाळीच्या पणतीतच पडावी, हेही.