मानसशास्त्राच्या वर्गांतील खरें उत्तर

माझी नात कॉलेजांत मानसशास्त्र शिकते. परवां ती चिडून म्हणाली, “आजोबा, फ्रॉइड एक सांगतो, वॉटसन दुसरेंच सांगतो, आणि सर दोघांचेंही शिकवून खरें कोणाचें तें सांगतच नाहींत!” मी मॅट्रिक झालेला शाळामास्तर. तीस वर्षें मीं उत्तरें फळ्यावर लिहून दिलीं. त्यामुळें तिच्या तक्रारींत मला माझाच दोष दिसला.

अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठांत विल्यम पेरी यांनीं विद्यार्थ्यांशीं वर्षानुवर्षें बोलून या गोंधळाचा मागोवा घेतला व १९७० सालीं त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांनीं नऊ पायऱ्या मानल्या आहेत. आपणांस त्यांतला ओघ समजला म्हणजे पुरे. प्रथम विद्यार्थ्यास वाटतें कीं, प्रत्येक प्रश्नास एकच खरें उत्तर असतें व तें गुरुजींजवळ असतें. पुढें मतभेद दिसूं लागले म्हणजे तो दुसऱ्या टोकास जातो: ज्याचें त्याचें मत, सारींच सारखीं! त्यानंतर कोठें त्यास उमगतें कीं, मतें पुराव्यानें व संदर्भानें तोलावयाचीं असतात. आणि शेवटीं, दुसरी बाजू जाणूनही, तो स्वतःच्या जबाबदारीवर एक मत पत्करतो.

मग प्राध्यापकानें करावें काय? भीतीचा विषय घ्या. १९०९ सालीं फ्रॉइड यांनीं घोड्यांस भिणाऱ्या पांच वर्षांच्या मुलाची हकीकत छापली. ती भीति मुळांत वडिलांची, असें त्यांचें म्हणणें. १९२० सालीं वॉटसन व रेनर यांनीं आपला प्रयोग छापला. एका तान्ह्या मुलास पांढरा उंदीर दाखवून त्याच्या पाठीमागें त्यांनीं पोलादी कांब ठोकली, आणि भीति शिकवितां येते असें प्रतिपादिलें. (तान्ह्या पोरावर असा प्रयोग! आज कोणी करूं देणार नाहीं.) नवशिक्यास हीं दोन मतें नुसतीं ऐकवून सोडूं नये, काय तोलावयाचें तें नेमकें सांगावें. माहिती कोणीं गोळा केली? मुलें किती पाहिलीं? ‘सारींच सारखीं’ म्हणणाऱ्यापाशीं मात्र पुरावा मागावा.

पेरी यांचा मुख्य आधार मुलग्यांच्या मुलाखतींचा होता. १९८६ सालीं मेरी बेलेंकी व त्यांच्या तीन सहकारी स्त्रियांनीं स्त्रियांशीं बोलून निराळें चित्र मांडलें. कित्येकींना वाद घालण्यापेक्षां दुसऱ्याच्या अनुभवांत शिरून समजून घेणें जवळचें वाटतें.

नातीला मीं उत्तर दिलें नाहीं. फ्रॉइडची बरीचशी माहिती त्या मुलाच्या वडिलांकडूनच आली होती, एवढेंच सांगितलें. ती म्हणाली, “म्हणजे वॉटसनचें खरें?”

“त्यानें मुलें किती पाहिलीं होतीं?” मीं विचारलें. ती पुस्तक शोधूं लागली.