कुंपणावरची दारुहळद

दारुहळद हे नाव ऐकले, की हा हळदीचाच एखादा प्रकार असावा असे वाटते. प्रत्यक्षात हळदीशी तिचे काही नाते नाही. 'दारु' म्हणजे लाकूड. या काटेरी झुडपाची साल खरवडली, की आतले लाकूड हळदीसारखे पिवळेधमक दिसते. हिमालयात साधारणपणे २००० ते ३००० मीटर उंचीवर ती आपोआप वाढते. कुमाऊंमध्ये तिला 'किलमोडा', तर गढवालमध्ये 'किनगोड' म्हणतात.

वसंतात तिच्यावर पिवळ्या फुलांचे घोस लोंबू लागतात. फुलातील पुंकेसराच्या बुडाशी काडीने हलकेच स्पर्श केला, तर तो झटकन आत वळतो. मध शोधणाऱ्या कीटकाच्या अंगावर पराग माखण्याची ही युक्ती मुद्दाम पाहावी अशीच आहे! उन्हाळ्यात निळसर-काळी, आंबटगोड फळे पिकतात. मुंबईतील इराणी-पारशी उपाहारगृहांत मिळणाऱ्या 'बेरी पुलावा'तील आंबट तांबडी फळे हिच्याच एका इराणी बहिणीची असतात.

मात्र दारुहळदीचे औषधी महत्त्वच तिच्या मुळावर आले आहे. मुळे व खोडाचा खालचा भाग पाण्यात उकळून, तो काढा आटवून 'रसांजन' तयार करतात. त्यासाठी झुडूप समूळ खणले जाते. ते सावकाश वाढणारे असल्याने अनेक ठिकाणी दुर्मीळ होत चालले आहे.

म्हणूनच डोंगराळ भागातील बागेच्या कडेने तिचे कुंपण लावणे हिताचे ठरते. पिकलेल्या फळांतील बी गर धुऊन काढावे आणि हिवाळ्यापूर्वी पेरावे. थंडी लागल्याशिवाय ते नीट रुजत नाही. रोपे पावसाळ्यात, दोन-दोन फुटांवर लावावीत. ऊन हवे, पण मुळाशी पाणी साचू देऊ नये. मैदानी प्रदेशातील उकाडा तिला मानवत नाही.

या कुळातील एका युरोपीय झुडपावर गव्हाचा तांबेरा वाढतो, म्हणून अमेरिकेत १९१८ पासून ती झुडपे उपटण्याची मोहीम चालली. भारतात मात्र तांबेऱ्याचा प्रसार डोंगरातील गव्हावरूनच होतो, असे आग्र्याचे शास्त्रज्ञ के. सी. मेहता यांनी दाखवून दिले.

रसांजन वैद्याच्या सल्ल्याशिवाय घेऊ नये; गर्भवतींनी तर ते टाळावेच. फळे उतरल्यावर जाड हातमोजे घालून फांद्या छाटाव्यात. छाटलेल्या लाकडाचे तुकडे उकळून लोकर पिवळी रंगवता येते. मुळे जमिनीत तशीच राहतात आणि झुडपाला पुन्हा धुमारे फुटतात.