जॅम किती जोरात पळतो?

बंगळुरूला बहिणीकडे गेले की सिल्क बोर्डचा चौक काही चुकत नाही. होसूर रस्ता आणि आउटर रिंग रोड तिथे एकमेकांना भेटतात, आणि संध्याकाळी तर अख्खं शहरच तिथे भेटायला आलंय असं वाटतं. २०२२ सालच्या एका पाहणीनुसार बंगळुरूच्या मध्यभागात दहा किलोमीटर जायला सरासरी २९ मिनिटं लागत होती. म्हणजे ताशी जेमतेम वीस किलोमीटर. दणकट पायांचा सायकलवाला सहज बरोबरी करेल!

१० ऑगस्ट २०२५ला तिथे मेट्रोची यलो लाइन सुरू झाली. ती या चौकावरून चांगली उंचावरून जाते. यंदा भाचीला घेऊन मी मुद्दाम तिच्यात बसले. दिवेलागणीची वेळ होती. खाली गाड्यांची लांबच लांब रांग. भाचीने काचेला नाक लावलं आणि ओरडली, "मावशी, बघ ना, लाल दिवे मागे पळताहेत!"

खरंच की! पुढच्या गाडीने ब्रेक दाबला, तिचा लाल दिवा लागला. मग मागचीचा, मग तिच्या मागचीचा. तोवर पुढची सुटून गेलेली, तिचा दिवा विझलेला. वरून पाहिलं तर एक लाल पट्टा रस्त्यावरून सरसर मागे चालला होता. सगळ्या गाड्या तोंड पुढे करून पुढेच जात होत्या, उलटा जात होता तो फक्त जॅम.

"पण मागे तर कोणीच जात नाहीये. मग मागे जातंय ते काय?" भाचीने विचारलं. इतका चांगला प्रश्न मला कित्येक दिवसांत कोणी विचारला नव्हता.

घरी आल्यावर आम्ही मूठभर चिंचोके घेतले आणि कागदावर बारा घरांची एक पट्टी आखली. चिंचोका म्हणजे गाडी. नियम एकच: पुढचं घर रिकामं असेल तर एक घर पुढे जायचं, नाहीतर जागीच थांबायचं. आणि सगळ्यांनी एकदम हलायचं, एकामागून एक नाही. ही बघा आमची पट्टी, गाड्या उजवीकडे चालल्या आहेत:

●○●○●●●●○○○○
○●○●●●●○●○○○
○○●●●●○●○●○○

चार गाड्यांचा तो गच्च पुंजका शोधा. पहिल्या ओळीत तो पाचव्या घरापासून आहे, दुसऱ्या ओळीत चौथ्यापासून, तिसऱ्या ओळीत तिसऱ्यापासून. एकही चिंचोका डावीकडे गेलेला नाही, तरी पुंजका दर खेपेला एक घर डावीकडे! आणि पुंजक्यातल्या गाड्याही त्याच राहत नाहीत. पुढची सुटते, मागून एक नवी येऊन चिकटते. भाचीच्या प्रश्नाचं उत्तर हेच. मागे जाते ती गाडी नव्हे, गाड्यांची नक्षी.

घरं, घरातले ठिपके आणि शेजारी बघून ठरणारा साधा नियम, अशा खेळाला शास्त्रज्ञ सेल्युलर ऑटोमेटा म्हणतात. नाव जड आहे, खेळ आपल्या चिंचोक्यांचाच. १९९२ साली नागेल आणि श्रेकेनबर्ग या दोघांनी जर्मनीत असाच रस्ता संगणकावर मांडला. त्यांचं एक घर होतं साडेसात मीटरचं, म्हणजे जॅममध्ये एका गाडीला पुढच्या मोकळ्या फटीसकट लागते तेवढी जागा. खेळातला एक डाव म्हणजे एक सेकंद. त्यांनी आणखी एक खरीखुरी गोष्ट घातली: चालक अधूनमधून उगाचच वेग कमी करतो. बस, तेवढ्याने काही अडथळा नसलेल्या रस्त्यावरही आपोआप जॅम तयार व्हायला लागले!

हे फक्त संगणकातच होतं असं वाटेल. पण २००८ साली जपानी शास्त्रज्ञांनी आपला खरा प्रयोग प्रसिद्ध केला. २३० मीटरचा गोल रस्ता, त्यावर २२ गाड्या. चालकांना सांगितलं, ताशी तीस किलोमीटरच्या आसपास नीट चालवा. ना सिग्नल, ना खड्डा, ना गाय आडवी. तरी थोड्या वेळात जॅम झालाच आणि गोलातून उलटा फिरू लागला, ताशी सुमारे वीस किलोमीटरने.

मोठ्या रस्त्यांवर जॅम साधारण ताशी पंधरा किलोमीटरने मागे जातो. हा आकडा कुठून आला हे तुम्हीच काढू शकता. पुढची गाडी सुटल्यावर मागचीला हलायला पावणेदोन सेकंद लागतात असं धरा. तेवढ्या वेळात जॅमचं टोक साडेसात मीटर मागे सरकलं. आता तासाचा हिशोब करा बरं!

आपल्याकडे मात्र एक गंमत आहे. स्कूटर फटीतून घुसते, रिक्षा तिरकी होते, बस तीन गाड्यांची जागा अडवते. म्हणून आयआयटी मुंबईतल्या संशोधकांनी घरं लहान केली आणि वाहनांना त्यांच्या आकाराप्रमाणे कमी-जास्त घरं वाटून दिली.

आता खरी नवलाची गोष्ट. या घरांच्या जगात नक्षी जास्तीत जास्त किती जोरात पळू शकेल?

आमच्या पट्टीवर प्रत्येक घर फक्त आपल्या शेजाऱ्याकडे बघतं. म्हणजे एका डावात बातमी एकाच घरापर्यंत पोचते. तिला दोन घरं उडी मारताच येत नाही. खऱ्या जगात प्रकाशापेक्षा वेगाने काही जात नाही, तसंच इथे डावाला एक घर ही शेवटची मर्यादा. तिला शास्त्रज्ञ चक्क 'प्रकाशाचा वेग'च म्हणतात. आमचा चिंचोक्यांचा जॅम बरोब्बर त्याच वेगाने मागे पळत होता!

पण सगळे खेळ इतके उदार नसतात. केंब्रिजचे गणिती जॉन कॉनवे यांचा 'गेम ऑफ लाइफ' १९७० साली जगाला कळला. त्याला चौकटींचा मोठा पट लागतो. प्रत्येक घराला आठ शेजारी, तिरपे धरून. जिवंत ठिपक्याला दोन किंवा तीन जिवंत शेजारी असतील तर तो जगतो, नाहीतर मरतो. रिकाम्या घराला नेमके तीन जिवंत शेजारी असतील तर तिथे नवा ठिपका जन्मतो. संपलं. बुद्धिबळाच्या पटावर हे मांडा:

○●○
○○●
●●●

आधी कोण मरणार आणि कोण जन्मणार ते पेन्सिलीने लिहून घ्या, मगच सगळे चिंचोके एकदम बदला. चार डावांनंतर हीच आकृती जशीच्या तशी उभी असेल, पण एक घर तिरकी सरकून! हिचं नाव ग्लायडर. सुरुवातीला कॉनवे आणि त्यांचे साथीदार 'गो' या खेळाच्या पटावर हातानेच सोंगट्या मांडायचे. पटावर काहीतरी चालत निघालंय हे पहिल्यांदा दिसलं ते त्यांच्यातल्या रिचर्ड गाय यांना.

चार डावांत एक घर म्हणजे प्रकाशाच्या वेगाच्या पाव. फारच हळू, नाही का? मग कोणीतरी पूर्ण वेगाने पळणारी नक्षी का नाही बनवत?

सात ठिपके एका सरळ ओळीत ठेवा. ही तुमची सगळ्यात पुढची रांग. तिच्याही पुढच्या घरात जन्म व्हायचा, तर त्या घराला शेजारी मिळणार मागच्या रांगेतलेच: एक सरळ मागे, दोन तिरपे. तिघे लागतातच. रांगेच्या टोकांच्या पुढे मात्र दोघेच आहेत, म्हणून तिथे जन्म नाही. पुढची रांग झाली पाचची. तिच्या पुढची तीनची. मग एकच ठिपका, आणि पुढे काहीच नाही. पूर्ण वेगाने पळायला गेलं की रांग दोन्ही टोकांनी झिजत जाते आणि पळता पळता संपते. कितीही लांब रांग घ्या, कधीतरी संपणारच. पळत राहायचं तर थांबून दम खावाच लागतो, पुन्हा रुंद व्हावं लागतं.

कॉनवे यांनी तर याचा पक्का हिशोबच मांडला. रिकाम्या पटावर सरळ जायचं तर प्रकाशाच्या निम्म्या वेगापेक्षा जास्त नाही, आणि तिरकं जायचं तर पावापेक्षा जास्त नाही. म्हणजे आपला पाच ठिपक्यांचा ग्लायडर हळू नाहीच. तिरकं धावणाऱ्यांत त्याच्यापुढे कोणी जाऊच शकत नाही! मला ही गोष्ट फार म्हणजे फार आवडते. सरळ जाणाऱ्यांतही एक छोटं 'अवकाशयान' निम्म्या वेगाने जातं, चार डावांत दोन घरं.

मग वेगवान नक्षी शोधायचं काम संपलं? छे. हळू जाणाऱ्या सापडणंच महाकठीण निघालं. दहा डावांत एक घर सरकणारा, तीसेक ठिपक्यांचा 'कॉपरहेड' सापडायला २०१६ साल उजाडलं. आणि बुद्धिबळातला घोडा अडीच घरं जातो ना, तसा दोन घरं सरळ आणि एक घर बाजूला जाणारा 'सर रॉबिन' २०१८ साली सापडला. त्याला एवढं अंतर कापायला सहा डाव लागतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी बहिणीच्या मजल्यावर शेजारच्या अज्जी दारापुढे ठिपक्यांची रांगोळी काढत होत्या. तिकडे तिला चुक्की रंगोली म्हणतात. भाचीने त्यांच्याकडे चिमूटभर पांढरी पूड मागितली आणि उंबऱ्यापासून लिफ्टच्या दिशेने ठिपके मांडू लागली: पाच ठिपके, मग त्यांची पुढची आकृती, मग तिच्या पुढची. पाचव्या आकृतीला पहिलीच परत आली, एक घर पुढे आणि एक घर बाजूला.

अज्जी कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. हे कुठलं फूल, असं त्यांनी कन्नडमध्ये विचारलं.

"हूवल्ल अज्जी," भाची मान वर न करताच म्हणाली, "नडीता इदे." फूल नाही आजी, चालतंय ते.