तान्हं बाळ आणि सोळा तासांचं विमान

मुळशी तालुक्याच्या एका टोकाला हिंजवडी-माणची आयटी कार्यालयं आणि दुसऱ्या टोकाला ताम्हिणीचा घाट. मधल्या पौड, पिरंगुट, भूगावच्या पट्ट्यातल्या अनेक घरांतलं कुणी ना कुणी आज परदेशात आहे. बाळंतपणासाठी माहेरी आलेली लेक तीन-चार महिन्यांचं बाळ घेऊन अमेरिकेला परत निघते. मुंबईपर्यंत चार-पाच तास गाडी, विमानतळावर तीन तास आणि न्यूयॉर्ककडे जाणारं थेट विमान मिळालं तरी पुढे पंधरा-सोळा तास. अशा वेळी ओपीडीत हमखास येणारा प्रश्न बहुधा आजीचा असतो : ‘डॉक्टर, बाळ वाटभर झोपून राहील असं काही तरी द्या ना.’

या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असंच आहे. त्यामागचं कारण समजलं, तर बाकीची तयारी सोपी जाते.

विमान तीस-पस्तीस हजार फुटांवरून उडतं. आतला हवेचा दाब यंत्रानं वाढवलेला असला, तरी तो जमिनीवरच्या इतका नसतो. सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असावा, साधारण तितका असतो. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे सुमारे ५,४०० फूट आहे. विमानात आपण त्याहून वर बसल्यासारखे असतो. आठ हजार फुटांच्या हिशेबानं मिळणारा ऑक्सिजन जमिनीवरच्या २१ टक्क्यांऐवजी जणू १५ टक्के होतो. निरोगी बाळ हे सहसा निभावून नेतं; रोज कितीतरी बाळं सुखरूप प्रवास करतात. पण तान्ह्या बाळाची श्वासावर नियंत्रण ठेवणारी यंत्रणा अजून पक्की झालेली नसते. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात ३४ निरोगी बाळांना काही तास १५ टक्के ऑक्सिजनच्या हवेत ठेवलं होतं. त्यातल्या चार बाळांच्या रक्तातला ऑक्सिजन इतका उतरला, की त्यांचा प्रयोग मध्येच थांबवावा लागला.

आता अशा हवेत गुंगीच्या औषधानं श्वास आणखी मंदावला तर? सर्दी-खोकल्याच्या आणि उलटीच्या काही सिरपमध्ये अशी औषधं असतात. त्यातल्या प्रोमेथाझिनबद्दल अमेरिकेच्या औषध नियामकांनी २००४ मध्येच ठळक इशारा दिला : दोन वर्षांखालच्या मुलांना ते देऊ नये, श्वास थांबून जीव जाऊ शकतो. जायफळाचे वेढेही घरगुती म्हणून निर्धोक ठरत नाहीत. सहाणेवर किती उगाळलं गेलं, हे कुणी मोजत नाही. शंभर वर्षांपूर्वी मुंबईतल्या गिरणी कामगार स्त्रिया कामावर जाताना तान्ह्यांना अफूची गोळी देत. त्यांच्यापुढे पर्याय नव्हता, आपल्यापुढे आहे.

पर्यायातली पहिली गोष्ट म्हणजे प्रवासाची वेळ. अनेक विमान कंपन्या जन्मानंतर सात दिवसांनी बाळाला घेतात. पण घेतात म्हणून न्यावं असं नाही. तिसरा महिना संपेपर्यंत थांबता आलं तर उत्तम. दिवस भरण्याआधी जन्मलेलं, हृदयाचा किंवा फुप्फुसाचा आजार असलेलं, नुकताच न्यूमोनिया झालेलं बाळ असेल तर बालरोगतज्ज्ञांनी तपासल्याशिवाय तिकीट काढू नका.

दुसरी गोष्ट कानांची. ताम्हिणी उतरून कोकणाकडे जाताना कानांना दडे बसतात, तसंच विमान खाली येताना होतं. आपण आवंढा गिळतो. बाळाला ते सुचत नाही, ते रडतं. म्हणून उतरण्याची घोषणा झाली की बाळाला जागं करून अंगावर घ्या. चोखताना आणि गिळताना कानातला दाब सारखा होतो. कान फुटला असेल किंवा नाक गच्च चोंदलं असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा.

तिसरी गोष्ट दूध. केबिनची हवा फार कोरडी असते. तरीही सहा महिन्यांखालच्या बाळाला पाणी किंवा ग्राइप वॉटर नको. अंगावरचं दूध जास्त वेळा पाजा. चोवीस तासांत सहा वेळा तरी लंगोट ओला झाला, तर दूध पुरेसं मिळतंय असं समजा. वरचं दूध असेल, तर पावडर एकेका वेळेपुरती मोजून कोरड्या डब्यांत भरा आणि उकळलेलं पाणी थर्मासमध्ये न्या. सुरक्षा तपासणीत बाळाच्या दुधाला सूट असते. फक्त ते वेगळं काढून दाखवावं लागतं.

चौथी गोष्ट झोपण्याची जागा. भिंतीला अडकवायच्या पाळण्याची, म्हणजे बेसिनेटची, मागणी तिकीट काढतानाच करा आणि वजनाची मर्यादा विचारून घ्या. सीटबेल्टचा दिवा लागला की बाळाला बाहेर काढून मांडीवर घ्यावं लागतं. आपल्याच पट्ट्यात त्याला कधीही गुंडाळू नका. धक्का बसला तर आपलं सगळं वजन त्याच्यावर येतं. बाळासाठीचा वेगळा पट्टा कर्मचाऱ्यांकडे मागा.

लसीकरणाचं कार्ड हातातल्या पिशवीत ठेवा. बीसीजीची लस अमेरिकेत सरसकट दिली जात नाही. तिथल्या डॉक्टरांनी दंडावरच्या व्रणाबद्दल विचारलं, तर कार्डच उत्तर देईल. आपल्याकडे गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात. परदेश प्रवास करणाऱ्या सहा ते अकरा महिन्यांच्या बाळांनी तो आधीच घ्यावा, असं अमेरिकेची आरोग्य यंत्रणा सांगते. मात्र हा जादा डोस; नेहमीचे डोस वेळेवर घ्यावेच लागतात.

आणि या सगळ्यात आईला विसरू नका. बाळंतपणानंतर सहा आठवडे, विशेषतः सिझेरियन झालं असेल तर, पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका जास्त असतो. तिनं भरपूर पाणी प्यावं, दर तास-दोन तासांनी बाळ दुसऱ्याकडे देऊन उठून चालावं. एका पायाची पोटरी सुजली, दुखू लागली किंवा दम लागला, तर थेट रुग्णालय गाठावं.

एवढं करूनही बाळ रडेल. रडणारं बाळ श्वास नीट घेत असतं. काळजी करावी ती दूध न ओढणाऱ्या, उठवूनही जागं न होणाऱ्या किंवा ओठ निळे पडलेल्या बाळाची. तसं दिसलं तर लगेच विमानातल्या कर्मचाऱ्यांना सांगा; त्यांच्याकडे ऑक्सिजन असतो. नुसतं रडत असेल, तर त्याला खांद्यावर घेऊन दोन फेऱ्या मारा. शेजारच्या प्रवाशाची झोप मोडली, तर तेवढं चालतं.